किप्पूर असो की रोजा, उपासाची धास्ती कशी घालवायची

लहानपणी किप्पूर, म्हणजे आम्हा ज्यूंचा मोठा उपास, जवळ आला की आठवडाभर आधीच माझ्या पोटात गोळा यायचा, 25 तास अन्न नाही पाणी नाही म्हणजे काय! आणि समोरच्या दारातल्या कोकणी मुसलमान खाला (मावशी) मात्र महिनाभर रोजे ठेवून पहाटे गुणगुणत भाकऱ्या थापायच्या. एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, अगो माझा रोजा सेहरीच्या, पहाटेच्या जेवणाच्या, ताटापासूनच सुरू होतो, तू उपाशी राहायला लागल्यावर मोजायला बसतेस.

तिथून सुरुवात करा. सेहरी खा, तिच्यात बरकत आहे असं पैगंबरांनी सांगितलंय, आणि आमच्या तालमुदात, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात तर किप्पूरच्या आदल्या दिवशी पोटभर जेवणं हे उपासाइतकंच पुण्याचं धरलंय. म्हणजे ते जेवण गिल्ट घेऊन किंवा घाईत उरकायचं नाही, घरच्यांसोबत बसून जेवायचं. वरणभात, थोडं चिकन, भरपूर पाणी, लोणचं पापड नको, तहान लागते. आणि चहा चारपाच दिवस आधीपासून कमी करत आणा प्लीज, कारण दुपारी डोकं फुटतं ते बहुतेकदा भुकेने नाही, चहा तुटल्याने.

दुपारी 3 नंतरचा वेळ सगळ्यात जड, तेव्हा एकटं बसू नका. आमचे जुने लोक किप्पूरला दारफळणीचा सण म्हणायचे, दारं लावून घरात बसायचं म्हणून, पण मला तरी सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनाघरात, सगळ्यांबरोबर उभं राहिलं की संध्याकाळ कधी होते कळत नाही. (सिनेगॉगला ते जुने लोक मशीदच म्हणायचे, मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटवरचं 1796 चं सिनेगॉग म्हणजे जुनी मशीद.) रोजा असेल तर इफ्तारची फळं कापायला लागा, हात चालू राहिले की मनही शांत राहतं.

तुमचं वाचलेलं जेवण कुणाच्या तरी ताटात जाऊ दे. हे मला सगळ्यात जास्त मनापासून वाटतं. किप्पूरच्या सकाळी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा 58वा अध्याय वाचतात, त्यात देव हेच विचारतो की भुकेल्याला तुझी भाकर दिलीस का, आणि ईदच्या नमाजाआधी फितरा, म्हणजे गरिबांसाठीचं दान, द्यायचा तोही गरिबाच्या घरी सण व्हावा म्हणूनच.

आजारी असाल, शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ते नको म्हणाले तर खा, बिनधास्त खा. कुराणात आजारी आणि प्रवासी माणसाला सूट आहे, रोजे नंतर भरून काढता येतात, कायमचं जमणारच नसेल तर गरिबाला जेवू घालायचं. आमच्यातही जीव वाचवणं किप्पूरच्या वर आहे. माझ्या आईने शेवटची काही वर्षं उपास सोडला तेव्हा ती रडायची, तेव्हा खालाच तिच्याजवळ येऊन बसायच्या, स्वतःचा रोजा असला तरी तिला हाताने भरवायच्या.

उपास सुटतो तेव्हा अजिबात घाई नको. खजूर, पाणी, आमच्याकडे काळ्या मनुकांचं शरबत, मग दहा मिनिटं थांबून जेवण. तो पहिला घोट तोंडात जरा धरून ठेवा.