बॅशमध्ये फंक्शन कॉल करण्यापूर्वी तपासून घ्यावयाच्या गोष्टी

बॅश या शेलमध्ये, म्हणजे लिहिलेले आदेश चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, फंक्शन (नाव दिलेला आदेशांचा संच) कॉल करताना, म्हणजे नावाने चालवताना, सिन्टॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमांतली चूक) आली की लगेच त्या ओळीत फेरफार करू नयेत. आधी स्क्रिप्ट, म्हणजे आदेशांची फाइल, नेमका कोणता शेल चालवतो आहे याची खात्री करून घ्यावी. पहिल्या ओळीत बॅशचा उल्लेख असला, तरी फाइल ‘एसएच’ या आदेशाने सुरू केल्यास ती ओळ निव्वळ टिप्पणी ठरते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर ‘एसएच’ म्हणजे सहसा डॅश हा वेगळाच शेल असतो, त्यामुळे ‘फंक्शन’ हा शब्द आधी लावून केलेली जी व्याख्या बॅश निमूटपणे स्वीकारतो, तिच्यातल्या कंसापाशी डॅश अडतो.

त्यानंतर कंस पाहावेत, कारण पायथन किंवा जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांचा हात सवयीने तिकडेच जातो. बॅशमध्ये फंक्शन इतर आदेशांप्रमाणेच कॉल होते: नाव, मोकळी जागा आणि पुढे आर्ग्युमेंट्स, म्हणजे फंक्शनला द्यायची मूल्ये. ‘बॅकअप’ नावाच्या फंक्शनला कंसात दोन फोल्डर दिले, तर ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ अशी तक्रार त्याच ओळीवर येते आणि दुरुस्ती सोपी असते. नावापुढे रिकामे कंस असतील, तर मात्र बॅश ती नव्या व्याख्येची सुरुवात समजतो आणि फंक्शनचा मजकूर पुढच्या ओळीत शोधू लागतो. तिथे मजकूर दाखवणारा साधा ‘एको’ आदेश असेल, तर काहीही दोष नसलेल्या त्या ओळीवर एरर दिसते, म्हणून एररमधल्या क्रमांकाच्या आधीची ओळही वाचावी. तिथे ‘इफ’चा, म्हणजे अट तपासणारा, ठोकळा असेल, तर एरर येतच नाही: तो ठोकळा चालण्याऐवजी ‘बॅकअप’ची नवी व्याख्या होऊन बसतो आणि जुनी पुसली जाते. माझ्या मते सगळ्यांत लबाड चूक हीच.

आर्ग्युमेंट्समध्ये स्वल्पविराम ठेवू नये. त्यामुळे सिन्टॅक्स बिघडत नाही, पण तो फोल्डरच्या नावाला चिकटून आत जातो. नावात मोकळी जागा असल्यास अवतरणचिन्हे हवीत, आणि उघडलेले प्रत्येक चिन्ह बंद झाले आहे का हे पाहावे. व्याख्या एकाच ओळीत लिहिली असेल, तर उघडणाऱ्या महिरपी कंसानंतर मोकळी जागा आणि बंद होणाऱ्या कंसाआधी अर्धविराम आवश्यक आहे.

सगळे डोळ्यांना बरोबर दिसत असूनही एरर जात नसेल आणि फाइल विंडोजवरून आलेली असेल, तर ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारे चिन्ह राहिल्याचा संशय घ्यावा. लिनक्सवर फाइलचा मजकूर दाखवणाऱ्या ‘कॅट’ आदेशाला उणे चिन्हासह कॅपिटल ‘ए’ दिल्यास ते उघडे पडते, आणि ‘डॉस-टू-युनिक्स’ या आदेशाने काढून टाकता येते.

एवढे झाल्यावर ‘बॅश’ आदेशाला उणे चिन्हासह ‘एन’ देऊन फाइल न चालवता वाचून घ्यावी आणि शक्य असल्यास शेलचेक हे स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारे साधनही लावावे. केवळ वाचून घेण्याच्या या तपासणीत फंक्शनच्या नावातली चूक किंवा व्याख्येच्या आधीच केलेला कॉल सापडत नाही. तिथे स्क्रिप्ट चालू असताना ‘कमांड नॉट फाउंड’ येते, म्हणून सर्व व्याख्या फाइलच्या वरच्या भागात ठेवाव्यात.