कोर्टात जे बोललं गेलं त्याची नक्कल कशी काढायची (आणि शब्दन्‌शब्द मिळेल ही आशा का सोडायची)

बऱ्याच जणांना वाटतं की कोर्टात जे काही बोललं जातं ते सगळं कुठेतरी टाइप होत असतं आणि अर्ज केला की गठ्ठा हातात येतो. तसं नाहीये. आपल्याकडे तालुका-जिल्हा कोर्टात वकिलांचे युक्तिवाद शब्दशः कोणी लिहून घेत नाही, त्यामुळे "त्या तारखेला समोरचा वकील काय बोलला ते लेखी द्या" असा अर्ज केलात तर तो कागदच अस्तित्वात नसतो. मग असतं काय? एक म्हणजे रोजनामा, त्यात त्या दिवशी कोण हजर होतं, काय झालं, पुढची तारीख काय एवढंच. दुसरं म्हणजे साक्ष: सरतपास (ज्याचा साक्षीदार त्याच बाजूने घेतलेली साक्ष) आणि उलटतपास (समोरच्या वकिलाने विचारलेले प्रश्न). आणि मग आदेश आणि निकाल. तुम्हाला यातलं नक्की काय पाहिजे ते आधी ठरवा, अर्धं काम तिथेच होतं.

साक्षीबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण खरी गोची तिथे आहे. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, जज साहेब ते आपल्या शब्दांत स्टेनोला सांगतात आणि स्टेनो टाइप करतो. म्हणून कागदावर प्रश्न सहसा दिसतच नाही, नुसतं "हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे" असली वाक्यं दिसतात. दिवाणी दाव्यात तर सरतपास बहुतेक वेळा प्रतिज्ञापत्रावरच येतो, तोंडी होतो तो उलटतपास. म्हणजे तुमच्या हातात येणारी साक्ष म्हणजे जज साहेबांच्या कानातून गेलेली साक्ष. त्यात चूक राहिली असं वाटलं तर त्याच वेळी उभं राहून सांगायचं, स्वतःची साक्ष असेल तर सही करायच्या आधी नीट वाचायची, घाई करत असतील तरी वाचायची. सहा महिन्यांनी नक्कल काढून "मी असं बोललोच नव्हतो" म्हणून फारसा उपयोग होत नाही.

आता नक्कल. आधी ईकोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर किंवा ॲपवर केस शोधा, प्रत्येक केसला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (त्या केसचा ओळख क्रमांक) असतो, तो लिहून ठेवा. आदेश, निकाल बरेचदा तिथेच फुकट डाउनलोड होतात, वाचायला ठीक आहेत, पण त्यावर सही-शिक्का नसतो, अपिलाला वगैरे सही-शिक्क्याचीच प्रत लागते. साक्ष तिथे सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा: केस नंबर, पक्षकारांची नावं, कोणता कागद, किती तारखेचा आणि त्याचा निशाणी नंबर (फाइलमधल्या कागदाला कोर्टाने दिलेला नंबर). निशाणी नंबर माहीत नसेल तर आधी फाइल तपासणीचा अर्ज करून फाइल बघून घ्या, कारण "सगळी कागदपत्रं द्या" असं मोघम लिहिलं की अर्ज परत येण्याचीच शक्यता जास्त. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प आणि मग पानांप्रमाणे फी, अर्जंट पाहिजे असेल तर जास्त. केस संपली असेल तर फाइल रेकॉर्ड रूममधून मागवावी लागते, तेव्हा वेळ धरूनच चाला.

एक गोष्ट वकीलसुद्धा कधी कधी नीट समजावून सांगत नाहीत. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला जो वेळ लागतो तो मुदत कायदा १९६३ च्या कलम १२ प्रमाणे वजा होतो, म्हणून नकलेवर अर्ज कधी केला, प्रत कधी तयार झाली, कधी दिली या तारखा असतात. पण प्रत तयार होऊन पडलीये आणि तुम्ही आणायलाच गेला नाहीत, ते दिवस वजा होत नाहीत. फौजदारी केसमध्ये आरोपीला शिक्षा झाली तर निकालाची प्रत फुकट मिळते, ती मागायला लाजू नका.

केसशी तुमचा संबंध नसेल तर? तरी मिळू शकते, पण कशासाठी पाहिजे ते अर्जात किंवा प्रतिज्ञापत्रात लिहावं लागतं. आरटीआय टाकायचा शॉर्टकट चालत नाही, गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये सांगितलंय की न्यायालयीन कागद हायकोर्टाच्या नियमांनीच मागायचे. आणि इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चाललेली प्रकरणं, लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या केसेस, तिथे बाहेरच्या माणसाने हट्ट करू नये हे बरं.

शब्दशः वाचायचंच असेल तर सुप्रीम कोर्टाकडे वळा. घटनापीठाच्या (घटनेच्या अर्थाचे मोठे प्रश्न ऐकणारं पाच किंवा जास्त न्यायाधीशांचं पीठ) सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून लाइव्ह दिसायला लागल्या आणि २१ फेब्रुवारी २०२३ ला पहिल्यांदा एआय वापरून युक्तिवाद लिहायला सुरुवात झाली, ती केस आपलीच, शिवसेनेच्या सत्तासंघर्षाची! वकील बोलतायत आणि स्क्रीनवर अक्षरं उमटतायत, नंतर वकिलांकडून तपासून मजकूर कोर्टाच्या साइटवर. घटनापीठाच्या केसेसचे असे मजकूर फुकट वाचता येतात, अर्ज नको काही नको.

खालच्या कोर्टांतही हे पोचायला लागलंय. दिल्लीत तीस हजारी या जिल्हा कोर्टात २०२४ मध्ये आवाजावरून टाइप होणारं कोर्ट सुरू झालं, केरळ हायकोर्टाने तर १ नोव्हेंबर २०२५ पासून खालच्या कोर्टांना साक्ष नोंदवायला एआय वापरायला सांगितलं. माझं मत विचाराल तर स्टेनोची टंचाई बघता हे यायलाच पाहिजे, फक्त मशीनला गावाकडची मराठी, आडनावं, गट नंबर, सर्व्हे नंबर कितपत कळतात ते बघावं लागेल, जमिनीच्या दाव्यात एक आकडा चुकला तर पुढे दुरुस्तीचे अर्ज करत बसा. तुमच्या कोर्टात मशीनवर साक्ष होत असेल तर सही करायच्या आधी निदान आकडे आणि नावं बोट ठेवून तपासा, बाकीचं नंतर.