डेस्कटॉपवरचे शॉर्टकट : या चुका टाळा

आयकॉनच्या डाव्या कोपऱ्यात खाली छोटा बाण असेल, तर ती फाइल नव्हे, शॉर्टकट, म्हणजे फाइलचा पत्ता आहे. विंडोज ९५ पासून तो बाण तिथे आहे, आणि लोक अजूनही तो न बघताच पुढे जातात.

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शॉर्टकट कॉपी करून बॅकअप घेतला असं समजणं. ओळखीतल्या एका मुलीचा लॅपटॉप फॉरमॅट करायचा होता. "सगळं घेतलंयस ना?" मी विचारलं. "हो, पेन ड्राइव्हवर आहे, उघडूनही बघितलं." मी फॉरमॅट केला. संध्याकाळी तिचा रडत फोन आला. पेन ड्राइव्हवर प्रबंधाच्या नावाची जेमतेम दोन केबीची फाइल होती. तिने उघडून बघितलं होतं हे खरं, पण त्याच लॅपटॉपवर. तिथे शॉर्टकट मूळ फाइलच उघडणार! मार्गदर्शकांना मेल केलेली दोन प्रकरणं तेवढी वाचली. तेव्हापासून बॅकअप मी दुसऱ्या मशीनवर स्वतः उघडून बघतो आणि फाइलचा आकार तपासतो. पाच मिनिटं जातात. ज्यांना तेवढाही धीर नसतो त्यांचं काम मी घेत नाही.

याच्या उलट चूकही होते. शॉर्टकट करायचा म्हणून मूळ फोल्डरच डेस्कटॉपवर ओढतात. ड्राइव्ह एकच असेल तर तो फोल्डर जागेवरून हलतो, आणि पुढे कधीतरी 'शॉर्टकटच तर आहे' म्हणून डिलीट होतो. ओढताना ऑल्ट दाबून ठेवा, म्हणजे शॉर्टकटच तयार होतो. मी माउसचं उजवं बटण दाबून ओढतो, म्हणजे सोडताना काय करायचं ते विंडोज विचारतं.

शॉर्टकट उडवला म्हणजे प्रोग्राम गेला असं नाही. तो सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करा.

पेन ड्राइव्हवरचे सगळे फोल्डर अचानक शॉर्टकट झालेले दिसले तर एकावरही क्लिक करू नका. बहुधा व्हायरसने मूळ फोल्डर लपवलेले असतात. आधी स्कॅन करा. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस तर शॉर्टकटचा आयकॉन नुसता स्क्रीनवर दिसला तरी शिरत असे.

आणि साठ-सत्तर आयकॉनांनी भरलेला डेस्कटॉप? त्याने वेळ वाचत नाही. डेस्कटॉप कायम उघड्या खिडक्यांच्या मागे असतो. आधी विंडोज-डी (विंडोजची की आणि डी एकत्र) दाबा, मग आयकॉन शोधत बसा. त्यापेक्षा स्टार्ट उघडून नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करा. रोजचे चार-पाच प्रोग्राम टास्कबारवर पिन करा, म्हणजे विंडोज-१, विंडोज-२ असे थेट उघडतात. माझ्या डेस्कटॉपवर तीनच शॉर्टकट आहेत, तेही चालू कामाच्या फोल्डरांचे. काम संपलं की ते काढतो.