गुलाबाची छाटणी आणि बुंध्यावरची गाठ

पाऊस ओसरला की गुलाबाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर येते. सिकेटर (छाटणीची कात्री) हातात घेण्याआधी एक काम करा. प्रत्येक झाडाच्या बुंध्याजवळची माती बोटांनी दोन इंच बाजूला सारा आणि डोळा भरलेली, म्हणजे खुंटावर कलम केलेली जागा नीट बघा.

तिथे गाठ दिसली तर तो बहुधा क्राऊन गॉल, म्हणजे जिवाणूमुळे होणारा गाठीचा रोग. कोवळी गाठ पांढुरकी असते, नखाने दाबली तर मऊ लागते. जून झाली की तपकिरी, खडबडीत, भेगाळलेली, लाकडासारखी कडक होते. वाटाण्याएवढी असते, तशी लिंबाहून मोठीही होते. सूत्रकृमीच्या (मातीतल्या अतिसूक्ष्म कृमींच्या) गाठींशी गल्लत करू नका. सूत्रकृमीने बारीक मुळंच सुजतात, दोऱ्यात मणी ओवल्यासारखी. क्राऊन गॉल जखमेच्या जागी, बुंध्याच्या किंवा जाड मुळाच्या एका अंगाला फुटतो.

मागे एका बागेत गेलो, तर मालकाने गाठी चाकूने तासून वर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली होती. ‘ऑपरेशन केलं’ म्हणाले. तीन महिन्यांनी त्याच जागी आधीपेक्षा मोठ्या गाठी! पेस्टमध्ये काही खोट नव्हती. या रोगात मारायचा शत्रू गाठीत उरलेलाच नसला, तरी गाठ वाढते.

हे कळायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली. अमेरिकेत स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ साली डेझीच्या गाठीतून हा जिवाणू वेगळा काढला. आज आपण त्याला ॲग्रोबॅक्टेरियम म्हणतो. पुढे १९४०च्या दशकात आर्मिन ब्राऊन यांनी गाठ आलेली सदाफुलीची झाडं सुमारे ४६ अंश उष्णतेत ठेवली. आतले जिवाणू मेले, गाठ मात्र वाढतच राहिली. म्हणजे जिवाणू पेशीला काहीतरी ‘शिकवून’ मोकळा झाला होता. ते काहीतरी म्हणजे डीएनएचा तुकडा. १९७४ साली बेल्जियममधल्या गेंटच्या शेल आणि व्हॅन मोंटागू यांच्या गटाने तो जिवाणूच्या एका मोठ्या प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्रापासून वेगळ्या डीएनएच्या कड्यावर) असल्याचं दाखवलं, आणि १९७७ साली मेरी-डेल चिल्टन व सहकाऱ्यांनी तो झाडाच्या पेशीत सापडल्याचं सिद्ध केलं. या तुकड्यामुळे पेशी स्वतःच वाढीची संप्रेरकं बेसुमार बनवते, शिवाय जिवाणूला लागणारं खास अन्नही रांधून देते. घर आपलं, चूल आपली, जेवणारा पाहुणा! (हीच युक्ती उचलून पुढे बीटी कापसात जनुक घातलं गेलं.)

म्हणून गाठ आलेल्या झाडावर अँटिबायोटिक किंवा ताम्रयुक्त औषध फवारण्यात पैसे घालू नका. जे करायचं ते जखमेआधी. ताज्या जखमेतून पाझरणाऱ्या रसायनांच्या वासावरच हा जिवाणू जागा होतो, आणि जखम भरायला काही दिवस लागतात. छाटणीच्या वेळी मुळं उघडी करून ऊन द्यायची आपली जुनी पद्धत आहे. ज्या बागेत एकही गाठ दिसली आहे, तिथे यंदा ती सोडा. कुदळीचा प्रत्येक घाव म्हणजे नवं दार. खुरपणीही बुंध्यापासून हात राखून करा.

छाटणी निरोगी ओळींपासून सुरू करा, संशयित ओळी शेवटी. दोन सिकेटर ठेवा: एक हातात, दुसरं ७० टक्के अल्कोहोलमध्ये, आणि झाडागणिक बदला. ब्लीच वापरत असाल तर १ भाग ब्लीचला ९ भाग पाणी, पण संध्याकाळी पात्यं धुवून तेल लावा, नाहीतर गंजतील.

गाठीचं झाड मुळासकट, भोवतालच्या मातीसह काढून जाळा. उकिरड्यात किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका. त्यावरून डोळे किंवा काड्या अजिबात घेऊ नका, कारण वरून निरोगी दिसणाऱ्या काडीतही जिवाणू लपलेला असू शकतो.

नवी लागवड असेल तर रोपवाटिकेत पिशवी फाडून खुंट आणि मुळं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेता कुरकुरला तर कुरकुरू दे. ऑस्ट्रेलियात ॲलन केर यांनी शोधलेला के-८४ हा निरुपद्रवी जिवाणू लागवडीआधी मुळांना लावतात. तो रोग टाळतो, झालेली गाठ बरी करत नाही, आणि सगळ्याच प्रकारांवर चालत नाही.

रोगट झाड निघालेल्या खड्ड्यात लगेच दुसरा गुलाब नको. तिथे दोन-तीन वर्षं ज्वारी किंवा मका घ्या, त्यांना ही गाठ येत नाही.