पंचेचाळीसचा नाद: पुण्यात बसून नॉर्दर्न सोल जमवताना

सोलची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नाच-गाण्याची, मिनिटाला 45 फेऱ्यांची सात इंची रेकॉर्ड हातात आली की गायकाचं नाव वाचण्याआधी ती कडेने धरा आणि नखाने हलकी टिचकी मारा. ‘डब्’ असा बसका आवाज आला तर ती व्हिनाइलची. चिनी मातीच्या बशीसारखा ‘टक्’ असा कडक आवाज आला तर स्टायरीनची. स्टायरीनची रेकॉर्ड वजनाला हलकी असते आणि तिचं लेबल बहुतेक वेळा वरून चिकटवलेलं असतं; जुन्या तबकडीवर ते कडेने सुटायला लागलेलं दिसतं. वाकवून मात्र बघू नका. व्हिनाइल वाकतं, स्टायरीन तडकतं.

हा भेद आधी सांगायचं कारण असं, की 1960 च्या दशकात अमेरिकेत कोलंबिया आणि मोनार्क यांच्या कारखान्यांतून ढिगाने सिंगल्स स्टायरीनवर निघाल्या, आणि आपल्याला हवं असलेलं बरंचसं संगीत त्यातच आहे. जड सुईखाली स्टायरीन फार लवकर झिजतं. अशी रेकॉर्ड दिसायला आरशासारखी आणि वाजवल्यावर कढईत भजी सोडल्यासारखी. म्हणून परदेशी विक्रेत्याने ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस, म्हणजे चांगल्या अवस्थेतली) लिहिलं असलं, तरी पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही प्रत नुसती बघून ठरवलीत की वाजवून? त्यातही सुरुवातीचे दहा सेकंद कसे वाजतात ते विचारा. डीजे लोक गाण्याचा पहिला ठोका गाठायला रेकॉर्ड सुईखाली मागेपुढे फिरवतात, आणि स्टायरीनचं नरडं तिथेच धरलं जातं.

किमती समजायच्या असतील तर नाच समजला पाहिजे. मोटाउन ही डेट्रॉइटची रेकॉर्ड कंपनी चालली तसं डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस इथे शेकडो छोट्या कंपन्यांनी तोच ठेका धरला. बहुतेक रेकॉर्ड पडल्या आणि गोदामात गेल्या. पुढे अमेरिकेतला कृष्णवर्णीय श्रोता फंक या नव्या ठेक्याच्या संगीताकडे वळला. उत्तर इंग्लंडच्या गिरणी-कारखान्यांच्या गावांतली पोरं मात्र 1965 च्या ठेक्यावरच नाचत राहिली. लंडनमध्ये दुकान चालवणाऱ्या डेव्ह गॉडिनने 1970 मध्ये ‘ब्लूज अँड सोल’ या नियतकालिकात त्या आवडीला ‘नॉर्दर्न सोल’ असं नाव दिलं. म्हणजे हे नाव संगीत कुठे झालं त्यावरून नाही, ते मागणारं गिऱ्हाईक कुठलं त्यावरून पडलेलं आहे.

हा नाच चालायचा क्लबांत: मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील 1971 मध्ये बंद झालं, मग स्टोकमधलं टॉर्च, मग 23 सप्टेंबर 1973 ला सुरू झालेलं विगन कसिनो. तिथे दारू नाही, सकाळी आठपर्यंत नाच. डीजेची पत एकाच गोष्टीवर: दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड. त्यामुळे ते लेबलावर कागद चिकटवायचे आणि गायकाचं खोटं नाव सांगायचे. फ्रँक विल्सनची 1965 ची ‘डू आय लव्ह यू’ कसिनोत एडी फॉस्टरच्या नावाने वाजली. तिच्या मोजक्याच मूळ प्रती माहीत आहेत. त्यातली एक 2009 मध्ये 25 हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. पण टॅमला मोटाउनने (मोटाउनचं ब्रिटनमधलं लेबल) तेच गाणं 1979 मध्ये ब्रिटनमध्ये रीतसर काढलं होतं. गाणं तेच, ठेका तोच, पाय तसेच थिरकतात.

आमचं म्हणणं एवढंच: आधी नाचासाठी घ्या, दुर्मिळतेसाठी नंतर. तिकडे अजूनही ‘मूळ प्रतच वाजवायची’ असं सोवळं आहे. पुण्यात ते पाळण्यात काही अर्थ नाही. 1982 पासून लंडनच्या केंट लेबलने, आणि त्याआधी 1970 च्या दशकातल्या ब्रिटिश पुनर्मुद्रणांनी, चांगल्या आवाजाच्या अधिकृत प्रती काढल्या आहेत. पहिल्या 20-25 रेकॉर्ड त्यातूनच घ्या.

घेताना दोन ढीग करा. एक ‘स्टॉम्पर’चा: प्रत्येक ठोक्यावर स्नेअर ड्रम, सरळ चाल, टाळ्या आपोआप पडतात. कसिनोचा मुख्य जीव हा. दुसरा 1970 च्या दशकातल्या मॉडर्न सोलचा: व्हायोलिन, मऊ बास, थोडी संथ चाल. ब्लॅकपूलच्या मेक्का या नाचघरात डीजे इयन लेव्हीन आणि कॉलिन कर्टिस यांनी 1974 च्या सुमाराला नव्या रेकॉर्ड वाजवायला सुरुवात केली आणि मंडळींत सरळ दोन तट पडले. 6 डिसेंबर 1981 ला कसिनो बंद झालं, त्यानंतर स्टॅफर्ड गावातल्या नाचांत 1960 च्या दशकातलीच, पण न ऐकलेली, मधल्या लयीची गाणी पुढे आली. नवख्या माणसाने स्टॅफर्डच्या वाटेला लगेच जाऊ नये. ती गाणी तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळतात, आणि तोवर पाहुणे बसलेले असतात.

पुण्यात शोधायचं तर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. सोल मिळणार नाही असं धरूनच जा. हिंदी चित्रपटांच्या एलपी आणि ईपी, बोनी एम, क्वचित मोटाउनची मोठी नावं, एवढंच. तरीही फेरी वाया जात नाही, कारण सुटी स्टँड, जुने प्लेअर, सुट्या केबल तिथे दिसतात. सकाळी लवकर जा, मोबाइलची बॅटरी रेकॉर्डवर तिरकी धरा. सरळ उजेडात चरे लपतात. मुंबईत चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर माल जास्त, भावही जास्त.

खरी खरेदी परदेशातूनच. टपालखर्च एका रेकॉर्डला आणि सहा रेकॉर्डना जवळजवळ सारखाच पडतो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून सहा-आठ एकदम मागवा, आणि वर सीमाशुल्क लागेल असं धरून हिशेब करा. रेकॉर्ड पाकिटाबाहेर काढून, दोन पुठ्ठ्यांमध्ये, पुठ्ठ्यांच्या रेघा एकमेकींना आडव्या ठेवून पॅक करायला सांगा. पाकिटातच ठेवलेली रेकॉर्ड प्रवासात हलते आणि पाकिटाची कड फाडते.

नकली प्रती 1970 च्या दशकातच सुटल्या. मागणी होती, माल नव्हता. लेबल आणि खाचा यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीवरचे आकडे बघा: मूळ प्रतीवर ते ठशाचे आहेत की हाताने खरवडलेले, हे जुन्या फोटोंशी ताडून घ्या. मोनार्कच्या प्रतींवर छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा असतो. लेबलावरची अक्षरं फुगलेली, रेषा फिकट, म्हणजे दुसऱ्या लेबलाचा फोटो काढून छापलेलं. फक्त ‘मूळ स्टायरीन, ही व्हिनाइल, म्हणजे नकली’ असा निकाल लावू नका. एकच गाणं दोन कारखान्यांत दोन पदार्थांवर निघालेलं असू शकतं.

आता मशीन. अमेरिकेहून कुणी प्रेमाने जुना प्लेअर आणला तर आधी मोटर बघा. सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेवर चालते. तिकडे 60 हर्ट्झ, इकडे 50. ट्रान्सफॉर्मर लावून 110 व्होल्ट दिले तरी वेग सहाव्या हिश्श्याने कमी पडतो आणि 45 ची रेकॉर्ड 37.5 ने फिरते. गायिका झोपेत गातेय असं वाटतं. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरची सुई 5 ग्रॅमच्या आसपास वजनाने दाबते. त्यावर स्टायरीन लावूच नका. चांगल्या प्लेअरवर गोल टोकाची सुई, सुईच्या कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत 2 ग्रॅमच्या आत वजन, आणि ते मोजायला 0.01 ग्रॅम दाखवणारा सोनाराचा छोटा काटा. या रेकॉर्ड बहुतेक मोनो आहेत, म्हणून मिक्सरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. निम्मी खरखर तिथेच जाते. घुंई ऐकू आली तर प्लेअरची अर्थची बारीक तार फोनो प्रीअँपच्या (सुईचा बारीक आवाज वाढवणाऱ्या डबीच्या) स्क्रूला लागली आहे का ते आधी तपासा, मगच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठा.

अमेरिकी रेकॉर्डचं भोक मोठं, साधारण 38 मिलिमीटर. त्यासाठी मध्ये बसवायचा अडॅप्टर लागतो. भोसरीत लेथवाला ओळखीचा असेल तर नायलॉनच्या सळईतून करून घ्या: बाहेरून 38, आतून 7.2 मिलिमीटर. आतलं भोक केंद्रातून जरा जरी सरकलं तर लांब सूर डुलायला लागतो, तेव्हा वाकडा उतरलेला तुकडा गोड मानून घेऊ नका.

धुण्यासाठी व्हिनाइलला 1 लिटर डिस्टिल्ड पाणी, 200 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी घासायच्या लिक्विडचे तीनच थेंब. स्टायरीनला अल्कोहोल गाळा. घरात आजोबांच्या 78 च्या लाखेच्या रेकॉर्ड असतील तर त्यांना अल्कोहोलचा थेंबही नको, लाख विरघळते. बोअरचं पाणी वापरलंत तर वाळल्यावर खाचांत पांढरे क्षार बसतात. लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा, आणि ताटल्यांच्या स्टँडमध्ये अर्धा तास उभ्या ठेवा. पंखा बंद, नाहीतर धुतलं काय आणि नाही काय.

पावसाळ्यात कागदी पाकिटाला बुरशी येते आणि तिथून खाचांत जाते. आतलं पाकीट प्लॅस्टिकच्या अस्तराचं घ्या, कपाट पश्चिमेच्या ओल्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. स्लॅबखालच्या माळ्यावर एप्रिल-मे काढलेल्या रेकॉर्डची कड ताटासारखी वर येते. गाडीत तर दुपारी सोडूच नका.

नाचाचा बेत करणार असाल तर रात्रभराचा हट्ट सोडा. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि बंद हॉलमध्ये परवानगी असली तरी शेजारी असतातच. इंग्लंडमध्येही रविवारचे ‘ऑलडेअर’, म्हणजे दिवसाचे नाच, व्हायचे. दुपारी 3 ते 9 ठेवा. गाणं सरासरी पावणेतीन मिनिटांचं, म्हणजे तासाला सुमारे 21 रेकॉर्ड. सहा तासांना सव्वाशे लागतात, मित्रांत वाटून घ्या. तिकीट लावून बाहेरची माणसं बोलावणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा आणि गीत-संगीताचा असे दोन वेगळे परवाने बघावे लागतात.

तिकडे लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर टाकून घसरत नाचायचे. आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल असते. तिच्यावर पावडर टाकलीत तर नाच राहील बाजूला, हाडवैद्य शोधावा लागेल. चामड्याच्या तळव्याचा बूट पुरेसा आहे. कोल्हापुरी उत्तम घसरते, पण गिरकीत पायातून निघून समोरच्याला लागते.

पाय आपटले की सुई उडते. प्लेअरखाली दीड फूट बाय दीड फूट शहाबादी फरशी ठेवा, आणि फरशीखाली चार रबरी चेंडूंचे अर्धे तुकडे. फरशी इंचभर जाड असेल तर चौदा-पंधरा किलो भरते, तेव्हा टेबल आधी हलवून बघा. स्पीकर त्याच टेबलावर नको. आणि अडॅप्टर चार तरी जास्तीचे ठेवा. घाईत उचललेल्या रेकॉर्डच्या भोकातच तो अडकून खोक्यात जातो, आणि पुढची रेकॉर्ड हातात घेऊन डीजे सगळ्यांसमोर जमिनीवर शोधत बसतो.