केस गळत होते म्हणून शाम्पू बदलला, माझा अनुभव
डेंग्यू होऊन गेला आणि साधारण अडीच महिन्यांनी केस असे गळायला लागले की बाथरूमची जाळी रोज तुंबायची, त्यात डोक्यात खाज आणि पिवळट चिकट कोंडा. आईचं एकच, तेल लाव. लावलं, कोंडा अजून वाढला!

शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे गेले. त्या म्हणाल्या, मोठ्या तापानंतर २-३ महिन्यांनी बऱ्याच जणांचे केस गळतात, ते आपोआप थांबतं, शाम्पूने नाही. पण कोंड्याला केटोकोनाझोल २ टक्केवाला शाम्पू लाव, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. मी आधी पण तोच आणला होता मेडिकलमधून, पण लावला की लगेच धुवायचे, तिथंच चुकत होतं. तो केसांना नाही, टाळूला लावून ३ ते ५ मिनिटं ठेवायचा असतो. केस जरा राठ होतात, म्हणून टोकांना कंडिशनर.

खाज दोन आठवड्यांत गेली. गळणं मात्र कमी व्हायला चार महिने लागले, आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पण कमी निघालं होतं, त्याच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे सगळं क्रेडिट बाटलीला देणार नाही. दिवसाला ५०-१०० केस तर सगळ्यांचेच गळतात म्हणे, मी उगाच मोजत बसायचे.