व्हीलचेअरवर बसून लिहिताना गजर लावा

लेख उद्या द्यायचा असला की तीन-तीन तास एकाच बैठकीत जातात. कमरेखाली संवेदना नसेल तर दुखत नाही, आणि तिथेच घात होतो. वजनाखाली दबलेल्या कातडीला रक्त पोहोचत नाही, जखम होते. ती भरायला महिने लागू शकतात, तोवर कमाई बंद. म्हणून मोबाईलवर दर 30 मिनिटांनी गजर लावा. वाजला की ब्रेक लावून, टेबलाचा आधार घेऊन पुढे झुका, नाहीतर आधी एका कुशीला, मग दुसऱ्या. दोन मिनिटं तरी. हातांवर अंग उचलून धरणं टाळा, टायपिंगसाठी तेच खांदे लागतात. हात थकले तर गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून मजकूर उतरवता येतो.

सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये घामाने गादी ओलसर राहते, आणि ओली कातडी लवकर सोलते. खोळ दुपारी बदलाच.

रात्री बसण्याच्या जागेची कातडी आरशात बघा किंवा घरच्यांना बघायला सांगा, लाजू नका. सावळ्या कातडीवर दाबाचा डाग लाल नाही, काळसर दिसतो. हाताला गरम किंवा कडक लागतो. तसा दिसला तर खुर्चीत बसणं बंद, लिखाण पालथं पडून, आणि डॉक्टरांना लगेच दाखवा.